लिहिणारा नंबर, बोलणारा नंबर

सौंदडच्या आमच्या वाचनालयाबाहेर, दाराच्या डाव्या हाताला, भिंतीत बसवलेला एक फळा आहे. इतर गावांत अशा फळ्यावर सुविचार असतो. आमच्याकडे प्रश्न असे, आणि तो मेश्राम सर लिहीत. सकाळी मी कुलूप काढायला यायच्या आधीच ते लिहून गेलेले असत. पायरीवर खडूची भुकटी पडलेली दिसे, तेवढीच त्यांची खूण.

"उन्हाळ्यात रेल्वेचा रूळ लांबतो. मग गोंदिया सौंदडपासून दूर जाते का?" "बांधीत पाणी उभे असते, तरी धान कुजत नाही. का?" "थंडीत सकाळी तलावाच्या पाण्यावर धूर दिसतो. खाली आग नाही, मग धूर कसला?" असे प्रश्न. पेपर वाचायला येणारे लोक आधी फळा वाचत आणि मग पेपर हातात घेऊन फळ्यावरच बोलत बसत.

उत्तर मात्र सरांनी फळ्यावर कधी लिहिले नाही. संध्याकाळी ते पायरीवर येऊन बसत. ज्याला उत्तर पाहिजे त्याने तिथे यायचे आणि विचारायचे. मी एकदा त्यांना म्हटले, दुसऱ्या दिवशी उत्तरही लिहून टाकले तर बरे पडेल, सगळ्यांनाच संध्याकाळी येता येत नाही. ते म्हणाले, "उत्तर लिहिलं की माणूस वाचतो आणि निघून जातो, वर्षा. प्रश्न हाताचा, उत्तर तोंडाचं." हे त्यांचे ठरलेले वाक्य होते. दुसरे एक वाक्य वर्गातले: "'माहीत नाही' हे उत्तर चालते, पण एकच दिवस."

त्यांनी मला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवले. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि खिशात खडूचे तुकडे. पेन नसे, खडू असे. बाजारातही असे. भाजीवालीशी वजनावरून बोलणे निघाले तर तिच्या पाटीवर तराजूचे चित्र काढून दाखवत. वर्गात ते फळ्याकडे अर्धी पाठ करून, तोंड आमच्याकडे ठेवून, एका दमात पूर्ण वर्तुळ काढत. कंपास लावून पाहिला तरी फरक सापडत नसे; आम्ही मधल्या सुट्टीत लावून पाहिला होता. "वर्तुळ खांद्यातून निघते," ते म्हणत, "बोटांतून नाही."

लीलाकाकू, त्यांच्या पत्नी, फळ्यापाशी कधी थांबल्या नाहीत. बाजाराची पिशवी घेऊन समोरून जात आणि फळ्याकडे न बघता जात. तलावाच्या धुराचा प्रश्न होता त्या दिवशी मी त्यांना हाक मारली आणि म्हटले, काकू, तुम्हाला तर उत्तर घरीच मिळत असेल. त्या म्हणाल्या, "घरी येईपर्यंत त्याईचं तोंड दुखून राहते, बाई. माह्या वाट्याले 'हो' आन 'नाही'." आणि पुढे गेल्या. रागाने म्हटले नव्हते. पिशवी जड होती, एवढेच चेहऱ्यावर होते.

आजार मला आधी फळ्यावर दिसला. सरांचे अक्षर लहान होऊ लागले. ओळीची सुरुवात नेहमीसारखी असे आणि शेवटापर्यंत अक्षरे मुंग्यांएवढी होत. लोकांना पायरी चढून जवळ जाऊन वाचावे लागे. कापगते बाबाजी, ज्यांची गावात सगळ्यांत जास्त बांध्यांची शेती आहे आणि जे रोज पेपर उलटा दुमडून ठेवतात, मला म्हणाले, "मेश्राम मास्तर खडू वाचवून राहिला का?" मग उजवा हात थरथरू लागला. प्रश्न लिहिताना खडूचा टकटक आवाज येई. सर तेव्हा निवृत्तीच्या जवळ आले होते. शेवटच्या वर्षी त्यांनी वर्गात वर्तुळ काढणे बंद केले. "गोल समजा" म्हणत आणि पुढे जात. कुणी हसले नाही, हे त्यांना जास्त लागले असावे.

कंपवाताच्या गोळ्या झाल्या. गोळ्यांनी काही वर्षे निभावले, मग निभेना. निवृत्तीचे जे हाती आले त्यातले बरेच घालून त्यांनी नागपूरला शस्त्रक्रिया करून घेतली. डोक्यात दोन बारीक तारा घातल्या, त्या कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीपर्यंत आणल्या, आणि गळ्याच्या हाडाखाली आगपेटीएवढी एक डबी बसवली. ती डबी मेंदूच्या एका ठिकाणी सतत बारीक विजेचे ठोके देते आणि हाताची थरथर थांबते.

तारा बसवताना त्यांना जागे ठेवले होते. जागा बरोबर सापडली की नाही हे हातावरूनच कळते, म्हणून डॉक्टरांनी त्यांच्या हातात पेन देऊन गोगलगाईच्या शंखासारखी रेघ काढायला सांगितली. पहिली रेघ करवतीसारखी आली. मग वीज वाढवत नेली. एका क्षणी हात निवळला, हा सरांचाच शब्द, गाळ खाली बसल्यावर पाणी निवळते तसा. त्यांनी शंख अर्धा सोडला आणि शेजारी एका दमात वर्तुळ काढले. तरुण डॉक्टर म्हणाला, सर, वर्तुळ नव्हतं सांगितलं. सर म्हणाले, "माहीत आहे. पण मला तेच पाहिजे होतं."

परत आले तेव्हा डोक्यावर टोपी होती. त्यांनी फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला, पूर्वीच्याच मोठ्या अक्षरात: "कातडीला भोक न पाडता आत वीज कशी न्यावी?"

संध्याकाळी पायरीवर जागा उरली नाही. त्यांनी शर्टाची दोन बटणे उघडून डबीचा उंचवटा दाखवला आणि समजावून सांगितले. आतल्या डबीची बॅटरी संपत जाते. ती भरायला आत वायर घालता येत नाही, कारण कातडी उघडी राहिली तर पिकेल. म्हणून बाहेरून, कातडीवर, तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे ठेवायचे. डबीच्या आतही तसेच लहान वेटोळे असते. बाहेरच्यात वीज उलटसुलट फिरली की मधे काही नसतानाही आतल्यात वीज उठते. "बारावीला आहे हे," ते म्हणाले. "जन्मभर शिकवलं, आता अंगात घालून घेतलं."

ही बॅटरी ते दर रविवारी सकाळी भरत. दोन-अडीच तास लागत. बाहेरचे वेटोळे आतल्याच्या अगदी समोर राहिले पाहिजे, बोटभर सरकले की यंत्र टीं-टीं करी. त्यामुळे एरवी गावभर हिंडणारा हा माणूस रविवारी सकाळी आंगणातल्या खुर्चीवर जागचा हलू शकत नसे. गावाला हे कळायला वेळ लागला नाही. आधी दोघे-तिघे येत, मग चटई टाकावी लागली. ज्याला सर कधी सापडत नव्हते तो रविवारी येऊ लागला: कुणी मुलाच्या प्रवेशाचे विचारायला, कुणी मोटारपंप का जळला हे विचारायला, कुणी नुसते बघायला. एकजण आपला मोबाइल सरांच्या छातीजवळ धरून बसला होता. आपोआप चार्ज होतो का, हे बघत होता. लीलाकाकू चहा देता देता म्हणाल्या, "सहा दिवस सर गावात, आन इतवारी गाव माह्या आंगनात."

वेटोळे धरून ठेवायला यंत्राबरोबर एक पट्टा आला होता. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तो घामाने सरके आणि काचे. काकूंनी जुन्या धोतराची बंडी शिवली आणि तिला छातीवर आतून खिसा लावला. पहिला खिसा जरा वर झाला, यंत्र ओरडले. तो उसवून खाली घेतला. मग कापड जाड म्हणून यंत्राच्या पडद्यावरच्या सिग्नलच्या काड्या कमी दिसू लागल्या, तेव्हा खिशाची आतली बाजू मलमलची केली. सगळ्या काड्या दिसल्या तेव्हा त्यांनी बंडीवर हात फिरवून बघितला आणि दुसरी तशीच बेतायला घेतली. सरांनी बंडी घातली की काकू वेटोळे खिशात सरकवत, तळहाताने दाबून बघत, यंत्र गप्प झाले की चुलीकडे जात. रविवारची बैठक अशी सुरू होई.

कापगते बाबाजींचे गुडघे दुखत. वेटोळे थोडे गरम होते हे त्यांनी ऐकले होते. एका रविवारी ते धोतर वर घेऊन सरांसमोर बसले आणि म्हणाले, "मास्तर, हे जरा माह्या टोंगळ्याले लावून पाहा."

सरांनी खिशातून वेटोळे काढले आणि गंभीरपणे त्यांच्या गुडघ्यावर ठेवले. यंत्र टीं-टीं करू लागले.

"काऊन ओरडून राहिलं?"

"आत दुसरं वेटोळं सापडत नाही म्हणून."

"माह्या टोंगळ्यात नाही?"

"नाही, बाबाजी. एकट्या वेटोळ्यानं काही होत नाही. आतून घेणारं पाहिजे."

"मंग डाक्टर टाकून काऊन देत नाही?"

"टोंगळ्याचं अजून निंगालं नाही."

बाबाजींनी धोतर खाली केले. "तुमा मोठ्या लोकाईचंच आधी निंगते," ते म्हणाले.

सर इतके हसले की काकूंना वेटोळे पुन्हा बसवावे लागले. सरांची आई आयुष्यभर याच कापगत्यांच्या बांधीत रोवणीला जात असे. त्या चटईवर बसलेल्या सगळ्यांना हे माहीत होते, बाबाजींनाही. मग बाबाजीही हसले.

सरांच्या जुन्या शाळेत विज्ञान दिनाला त्यांना बोलावले होते. वाचनालयाच्या पुस्तकांचे टेबल मांडायला मीही गेले होते. सरांनी फळ्यावर वर्तुळ काढले, टाळ्या झाल्या. मग त्यांनी खिशातून डबीचा रिमोट काढला, मुलांना दाखवला आणि आपली डबी बंद केली.

थोडा वेळ काहीच झाले नाही. मग बोटे हलली, मग मनगट, मग पूर्ण हात कोपरापासून उडू लागला. सरांनी तो लपवला नाही. दुसऱ्या हाताने धरलाही नाही. उडत्या हाताने त्यांनी त्या वर्तुळाशेजारी दुसरे वर्तुळ काढायला घेतले, खडू तुटला, त्यांनी उरलेल्या तुकड्याने पुरे केले. पुढच्या बाकावरची एक मुलगी रडू लागली. मुख्याध्यापक उठून उभे राहिले. सरांनी डबी सुरू केली, हात शांत होईपर्यंत थांबले, आणि त्या मुलीला विचारले, "माझ्यात काय बदललं?" ती म्हणाली, हात. "माणूस तोच आहे ना?" ती हो म्हणाली. "मग रडते कायले? लिहून घे." आणि वेटोळ्याची आकृती काढायला लागले.

काकूंना हे कळले तेव्हा त्या दोन दिवस सरांशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "खेळ हाय का तो?" मी सरांची बाजू घेतली, मुलांना जन्मभर लक्षात राहील म्हटले. त्या म्हणाल्या, "मलेही राहीन."

पुढे दोन-तीन वर्षांनी आजार वाढला तशी वीज वाढवावी लागली, आणि एक नवी गोष्ट झाली. हात स्थिर राहील इतकी वीज दिली की सरांची जीभ जड होई. शब्द एकमेकांत मिसळत, ओठांतून लाळ येई. वीज कमी केली की बोलणे स्वच्छ होई आणि हात उडू लागे. डॉक्टरांनी बरेच दिवस तारांची जुळवाजुळव करून पाहिली. शेवटी रिमोटमध्ये दोन प्रोग्राम करून दिले आणि सांगितले की दोन्ही एकदम मिळणार नाही, गरजेप्रमाणे बदलत जा. काकूंनी त्यांना नावे ठेवली: लिवनारा नंबर आणि बोलनारा नंबर.

सरांनी त्याचीही वेळ लावून घेतली. पहाटे लिहिणारा नंबर, फळ्यासाठी. घरी आल्यावर तो बराच वेळ तसाच, कारण त्याच हाताने दाढी करता येई, शर्टाची बटणे लावता येत, घास तोंडापर्यंत जाई. संध्याकाळी पायरीवर येण्याआधी बोलणारा. उत्तर देऊन झाले की सर दमलेले असत आणि घरी जाऊन झोपत.

त्या काळातली स्टेशनची गोष्ट सर स्वतः रंगवून सांगत. वैशाखातल्या वादळाने झाडे तारांवर पडली आणि गावात कितीतरी दिवस वीज नव्हती. डबी संपत आली. स्टेशनची लाईन वेगळी, तिथे वीज होती. सरांनी पहाटे फळा लिहिला आणि तसेच पिशवीत यंत्र घेऊन स्टेशनवर गेले. रिमोट घरी राहिला. तिकीट खिडकीवर नवा माणूस होता, बाहेरचा. सर जड जिभेने त्याला प्लगचे विचारू लागले. त्याने एकवार बघितले आणि म्हणाला, "काका, सुबह-सुबह? उधर बेंच पे बैठो, पटरी के पास मत जाना."

सरांनी खिशातून खडू काढला आणि खिडकीखालच्या फरशीवर सुंदर अक्षरात लिहिले: "मी प्यालो नाही. मला विजेचा प्लग हवा आहे." तो माणूस बाहेर येऊन वाचून बघू लागला. मराठी त्याला जेमतेम येत होती. पण असे अक्षर काढणारा दारुडा त्याने पाहिला नव्हता आणि त्याचा गोंधळ आणखी वाढला. तेवढ्यात रिमोट घरी राहिल्याचे बघून लीलाकाकू घाईने आल्या. त्यांनी नंबर बदलला. हळूहळू सरांचे बोलणे सुटे झाले आणि हात उडू लागला. हात उडताना पाहिल्यावर त्या माणसाने खुर्ची आणली, चहा सांगितला, आणि काकूंना हळूच म्हणाला, "पहले बताना था ना, अंकल बीमार हैं."

सर ही गोष्ट सांगून खूप हसत. रविवारच्या चटईवर सगळेच हसले. काकू कपात चहा ओतत होत्या. त्या म्हणाल्या, "एका नंबरावर दारुडा, दुसऱ्यावर बिमार. मंग माहा मानूस कोन्या नंबरावर हाय?" सर बंडीच्या खिशाची घडी नीट करत बसले.

मागच्या पावसाळ्यानंतर दोन्ही नंबरांतले अंतर फार वाढले. लिहिणाऱ्यावर सर जवळजवळ मुके होत. बोलणाऱ्यावर हात तर उडेच, पाऊलही उचलत नसे, खुर्चीतून उठायला माणूस लागे. शिवाय एका नंबरावरून दुसऱ्यावर जाताना त्यांना फार त्रास होई, घाम फुटे. डॉक्टर म्हणाले, रोज रोज बदलू नका, एक ठरवा.

संध्याकाळची पायरी आधीच बंद झाली होती. सर सकाळी फळा लिहीत आणि दिवसभर लिहिणाऱ्या नंबरावरच राहत. उत्तर ज्याचे त्याने शोधायचे. गावाने ते मान्य केले होते. मीही केले होते. फळ्यावर रोज प्रश्न दिसत होता, त्यामुळे सर ठीक आहेत असे आम्हाला वाटे. एका रविवारी कापगते बाबाजी, शाळेतले दोन शिक्षक आणि मी असे त्यांच्या आंगणात बसलो होतो. बोलणे फळ्यावरच चालले होते. शिक्षक म्हणाले, सरांनी काही झाले तरी हात सोडू नये, गावाची सवय आहे, पोरं बघतात. बाबाजींनी मान हलवली. मीही म्हटले, सरांचे अक्षर दिसले नाही तर वाचनालय उघडल्यासारखे वाटणार नाही.

काकू खिशात वेटोळे बसवत होत्या. त्यांनी ते बसवून घेतले, तळहाताने दाबून बघितले, आणि आमच्याकडे न वळताच बोलल्या.

"गावाले त्याईचा हात पाहिजे. आधी तोंड होतं तेबी गावाचंच होतं. मी काई मनलं नाही. आता एकच उरलं हाय, तं मले पुसा ना कोनी." मग सरांकडे बघून म्हणाल्या, "जेवाले मी भरवीन. बटन मी लावीन. तुमी बोला."

आम्ही चौघेही खाली बघत होतो. सर लिहिणाऱ्या नंबरावर होते. त्यांनी तोंड उघडले, एक-दोन आवाज आले, आणि त्यांनी ते मिटले. त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर अगदी स्थिर होता.

फाल्गुनात सरांना ठसका लागून न्यूमोनिया झाला आणि गोंदियाच्या दवाखान्यात ते वारले. डबीबद्दल त्यांनी आधीच सगळ्यांना बजावून ठेवले होते. आत बॅटरी आहे, जाळण्याआधी काढून घ्या, "नाहीतर शेवटच्या वेळी मी आवाज करीन." दवाखान्यात ती काढून दिली. विहारात वंदना झाली, गाव आले होते. शाळेतले लोक नंतर काकूंकडे गेले आणि डबी प्रयोगशाळेत ठेवायला मागितली. सरांनाही ते आवडले असते असे त्यांचे म्हणणे. काकूंनी त्यांना चहा दिला आणि डबी दिली नाही. ती त्यांच्या कपाटात दोन बंड्यांच्या मधे ठेवलेली आहे.

सरांना शेवटचे मी पाहिले ते त्याआधी, पौषात. काकू आमच्यासमोर बोलल्या त्या रविवारनंतर आठवडा गेला असेल. सोमवारी मी कुलूप काढायला आले तर फळ्यावर शनिवारचाच प्रश्न होता. मंगळवारीही तोच. बुधवारी मी खडूची नवी पेटी घेऊन त्यांच्या घराकडे निघाले. बरे नसेल तर त्यांनी प्रश्न सांगावा किंवा लिहून द्यावा आणि मी माझ्या अक्षरात फळ्यावर उतरवावा, असे विचारायचे ठरवले होते.

फाटक उघडेच होते. थंडी होती, आंगणात कोवळे ऊन आले होते. सर खुर्चीवर, अंगावर शाल, आणि काकू त्यांच्या पायाशी सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. दोघांची पाठ माझ्याकडे होती. शालीखाली सरांचा उजवा हात जोरजोराने उडत होता, त्याने शालीचे टोकही उडत होते. काकू एका हाताने ते टोक पुन्हा पुन्हा सारखे करत होत्या आणि दुसऱ्याने खडे वेचत होत्या.

"तलावाच्या पान्यावर सकारी धूर दिसते," त्या म्हणत होत्या, "तो काऊन दिसते? खाली तं काई जरत नाही."

सर सावकाश बोलत होते, पण शब्द सगळे सुटे ऐकू येत होते. पाणी दिवसभराची ऊब धरून राहते. वरची हवा रात्रीतून थंड होते. पाण्याची वाफ वर आली की थंड हवेत तिचे बारीक थेंब होतात. तेच धुरासारखे दिसतात. हे मी बारावीत असल्यापासून ऐकले होते. पण त्यांना इतके सावकाश सांगताना ऐकले नव्हते.

काकूंनी सूप पाखडले. "मंग उन्हाळ्यात काऊन नाही दिसत? पानी तं तवाही गरम रायते."

मी फाटकातच उभी होते. पेटी पदराखाली धरली आणि मागे वळले.

"थांब," सर काकूंना म्हणाले. "तेच सांगून राहिलो."